टाळी कुठं पडते

कोल्हापुरात दाद मागून मिळत नाही. स्टेजवरून कुणी ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ म्हटलं की आमच्याकडची माणसं हाताची घडी घालून मागं रेलून बसतात. एखादी जागा खरोखर साधली, की मग मागच्या रांगेतून असा काही आवाज येतो की गाणाऱ्यानं मान वळवून तिकडं बघावंच. ‘आयला!’ ही इथं शास्त्रीय संगीतातलीही दाद आहे. ती ऐकून मनापासून हसलेले बाहेरगावचे कलाकार मी पाहिलेत. पुढच्या रांगेतल्या ठेवणीतल्या ‘क्या बात है’पेक्षा त्यांना तीच जास्त पोचते, असा माझा आपला समज आहे.

या समजापायी मला एक खोड लागली. मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकताना माझं निम्मं लक्ष ऐकणाऱ्यांकडं असतं. टाळी तान चालू असताना पडली की संपल्यावर, हशा कुठं पिकला, शिट्टी कुणी मारली, कुठल्या जागेवर सगळे एकदम गप्प झाले. त्यावरून त्या हॉलमध्ये कोण बसलंय याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. माझा धाकटा भाऊ याला ‘ताईची हेरगिरी’ म्हणतो.

भाऊ गिटारवाला. म्हणजे आता उद्यमनगरात त्याचं मशीन शॉप आहे, अंगाला कायम कूलंटचा वास असतो. पण कॉलेजात असताना तो ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचा. गणपती, जयंत्या, कुणाच्या लग्नाची आदली रात्र, जिथं बोलावतील तिथं. मी तेव्हा जयपूर घराण्याच्या एका बाईंकडं गाणं शिकत होते. एकाच खोलीत एका कोपऱ्यात माझा तानपुरा आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याचा अ‍ॅम्प्लिफायर. आईला दोन्हींचा सारखाच वैताग. आण्णांना दोन्हींचं सारखंच कौतुक.

जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक आमच्या घरात आला तो कॅसेटमधून. भावाच्या पुण्यातल्या मित्रानं ब्लँक कॅसेटवर भरून दिलेला, वर बॉलपेननं नुसतं ‘मॅक’ लिहिलेलं. पहिल्या बाजूला त्याचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा जॅझ-रॉक बँड होता. बिली कॉबहॅमचे ड्रम, जॅन हॅमरचा कीबोर्ड, जेरी गुडमनचं व्हायोलिन, आणि दोन नेकची गिटार घेऊन या सगळ्यांच्या वरताण आवाजात हा. मला तो गोंगाट वाटला. त्यातला काही भाग मला अजूनही गोंगाटच वाटतो आणि भावाशी त्यावरून अजूनही भांडण होतं.

दुसऱ्या बाजूला ‘शक्ती’ होती, भारतीय कलाकारांना घेऊन केलेला त्याचाच दुसरा बँड. ती लागली आणि मी स्वयंपाकघरातून पोळपाट तसाच टाकून बाहेर आले.

माणसाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जन्म १९४२ चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरचा. १९६९ च्या सुरुवातीला टोनी विल्यम्स या ड्रमरच्या बोलावण्यावरून तो न्यूयॉर्कला गेला आणि गेल्या गेल्या माइल्स डेव्हिस या जॅझमधल्या बड्या ट्रम्पेटवाल्याच्या रेकॉर्डिंगला जाऊन बसला. तिथं माइल्सनं त्याला सांगितलं म्हणे, गिटार वाजवता येत नाही असं समजून वाजव. ही गोष्ट तो स्वतःच सांगत आलाय. भावाच्या ऑर्केस्ट्रात ती इतकी मुरली होती, की कुणाचा कॉर्ड चुकला की ‘माइल्सनं सांगितलंय’ हे उत्तर तयार असायचं. १९७१ मध्ये त्यानं महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. महाविष्णू हे नाव त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. मग विजेचा सगळा दणदणाट ऐन भरात असताना तो अमेरिकेतच वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडं वीणा शिकायला लागला. वीणावादक व्हायचं म्हणून नव्हे. गिटारच वाजवायची, पण राग आणि ताल आतून कळायला हवेत म्हणून. त्यातून झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ उभी राहिली.

त्यांचं पहिलं रेकॉर्ड स्टुडिओतलं नाही, मैफलीतलं आहे. न्यूयॉर्कजवळच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात ५ जुलै १९७५ ला झालेली मैफल. ती मी किती ऐकली असेन याला गणती नाही आणि दर वेळी माझे कान समोर बसलेल्या कॉलेजातल्या पोरांकडं वळतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी घटम हे वाद्य जन्मात पाहिलं नसणार. मडक्यावर माणूस बोटं मारतोय आणि त्यातून मृदंगाच्या तोडीचे बोल निघतायत, हे समोर घडताना ती बावचळलेली वाटतात. टाळी वाजते ती बऱ्याचदा आवर्तन, म्हणजे तालाची एक पुरी फेरी, संपून गेल्यावर, ‘संपलं वाटतं’ अशा अंदाजानं. पण वाजते तेव्हा दणकून.

याच्या अगदी उलट रेकॉर्ड म्हणजे ५ डिसेंबर १९८० चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमधलं. मॅक्लॉफ्लिन, अल डी मिओला आणि स्पेनचा पाको दे लुसिया, तिघांच्या तीन गिटारी, बाकी काही नाही. तिथले लोक पक्के गिटारवेडे. सुरावटीचा वेग वाढला की मधेच आरडाओरड, शिट्ट्या. त्यातले दोघं एकमेकांची फिरकी घेतात, मधेच एका विनोदी सिनेमाची सगळ्यांना पाठ असलेली धून वाजवतात आणि हशा पिकतो. सर्कशीत झुल्यावरून माणूस सुटतो, तेव्हा तंबूत जो आवाज होतो, तो त्या रेकॉर्डवर आहे. भावाचा ग्रुप याच रेकॉर्डवर लहानाचा मोठा झाला. त्यांच्या दृष्टीनं मॅक्लॉफ्लिन म्हणजे उजव्या हातातल्या पिकचा वेग. एका सेकंदात किती सूर, यावर उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद. मोजमापाची सवयच ती. दिवसभर मायक्रॉननं मोजणारी माणसं.

वेगाला दाद देऊ नये असं मी म्हणत नाही. पण वेग नजरेला आणि कानाला आपोआप कळतो, त्यासाठी ऐकणाऱ्यानं काही करावं लागत नाही.

आण्णांनी मला लहानपणी खासबागेत कुस्त्या बघायला नेलं होतं. मुलींना तिथं कुणी फारसं न्यायचं नाही, पण आण्णांचा स्वभाव तसा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान असं गोल उतरतं आहे की शेवटच्या पायरीवरूनही लाल मातीतली बोटं दिसावीत. मला आठवते ती हलगी आणि तिच्याबरोबरचं घुमकं. आणि लोकांचा आवाज. तो आवाज पाठ टेकल्यावर होत नसे. त्याच्या बराच आधी होई. पैलवानानं एकेरी पट काढायला हात घातला, किंवा घिस्सा लावताना गुडघा टेकला, की चारी बाजूंनी एकदम ‘हाऽऽ’ उठायचा, कारण बघणाऱ्याला पुढचं सगळं दिसलेलं असायचं. मी विचारायची, अजून पडला नाही, ओरडतात कशाला? आण्णा म्हणायचे, ‘‘पडायचं काय, ते कुणालाबी दिसतंय. लागलं कुठं ते बघ.’’

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. आणि गावात १८८३ पासूनचा देवल क्लब. कुस्तीचा आणि गाण्याचा प्रेक्षक आमच्याकडं बऱ्याच वेळा एकच असतो, कपडे तेवढे बदलून येतो. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यामुळं त्यांची गायकी या गावाच्या कानात बसली आहे. गाणं न शिकलेल्यांच्याही. या गायकीत तान म्हणजे नुसती सुरांची धाव नसते. ती तालाच्या अंगानं, पेच घालत, आवर्तनाला धरून चालते. आता ही समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कशी पोचणार असं वाटत असतानाच भलत्याच दारानं आत येते. श्रोत्यानं मात्रा मनात चालू ठेवलेल्या असतील तरच त्याला यातलं काही मिळतं. नाहीतर नुसता आ-कार.

आमच्या बाई क्लासमध्ये सांगायच्या, समेवर मान हलली नाही तर गळ्यावर मेहनत करून उपयोग नाही, आधी मान शिकवा. दुसऱ्याचं गाणं ऐकताना मांडीवर ठेका धरायला त्यांनी आम्हाला मुद्दाम लावलं.

म्हणून ‘शक्ती’ ऐकताना मला परकं वाटलं नाही. गोरा माणूस, पण समेवर येताना बरोबर आमच्यासारखा घाम फुटलेला. तिहाई घेताना तीनदा तोच तुकडा, मधली जागा मोजून मापून सोडलेली, शेवटचा ठोका समेवर. जॅझमधल्या माणसाला ऐनवेळी सुचेल ते वाजवायची सवय असते. हिशोब आधी मांडून तो भर मैफलीत पुरा करायची शिस्त वेगळी. त्यानं ती अंगात भिनवून घेतली. पुढं कंजिरावादक व्ही. सेल्वगणेशबरोबर त्यानं कोन्नक्कोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या बोलांच्या पढंतीचे धडे देणारी डीव्हीडी काढली. ती भावानं मागवली, आणि काही दिवस उद्यमनगरातल्या त्या शॉपमध्ये कामगारांच्या तोंडी ‘तदिगिणतोम्’ होतं.

मॅक्लॉफ्लिनच्या त्या काळच्या गिटारबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण एकदा तिचा फोटो घेऊन मी मिरजेला गेले होते. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडीला घासून आणलेला बाक, उतरली होती. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तानपुरे करणारे कारागीर आहेत, २०२४ मध्ये त्यांच्या वाद्यांना जीआय मानांकनही मिळालं. आमच्या नेहमीच्या चाचांचं दुकान म्हणजे छताला टांगलेले पंढरपूरकडचे भोपळे, खाली लाकडाचा भुस्सा, आणि मधे मांडी घालून बसलेले चाचा, घोडीवर कानस फिरवतायत, तार छेडतायत, परत कानस. त्यांच्यासमोर मी मोबाइल धरला. गिब्सनसाठी अब्राहम वेक्टर यांनी बनवलेली ती अकूस्टिक गिटार, जिच्या पोटावरच्या भोकावरून मुख्य तारांना तिरक्या अशा सात तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या, तारा गेल्यात. आणि फ्रेटबोर्डवर दोन पट्ट्यांच्या मधलं लाकूड खोबणीसारखं कोरून काढलेलं.

चाचांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. मग मलाच समजावून सांगायला लागले. ‘‘हे लाकूड खाल्लंय बघा ताई, म्हंजी बोट खाली टेकत न्हाई. तार दाबली की सूर वर चढतो. वीणेवर कसं, पडद्यांच्या मधी जागा असती, तसं. आता ह्याला गमक काढता येणार.’’

मग जरा थांबून म्हणाले, ‘‘तरफा हैत, पर जवारी कुठाय?’’

गिटारच्या घोडीला जवारी नसते, तिची धारच बारीक. चाचांना ते पटलं नाही. त्यांच्या मते मेहनत एवढी केली तर घोडी रुंद करायला काय झालं होतं, त्या साहेबाला मिरजेला पाठवून द्या, एका आठवड्यात करून देतो. मला आजवर मॅक्लॉफ्लिनला मिळालेली सगळ्यात अस्सल दाद वाटते ती हीच. वाद्य हातात धरणाऱ्यानं काय धडपड केलीय ते एका नजरेत कळलं, आणि ती कुठं अडली तेही.

पुढं त्यानं ती गिटार बाजूला ठेवून ‘शक्ती’तसुद्धा इलेक्ट्रिक गिटार घेतली, गिटार-सिंथ घेतला. त्यातून निघणारा तो बासरीसारखा गुळगुळीत आवाज मला आवडत नाही. चाचांना ऐकवलाही नाही.

१९९७ पासून ‘रिमेंबर शक्ती’ या नावानं परत मैफली सुरू झाल्या. आधी हरिप्रसाद चौरसिया होते, मग मँडोलिनवाले यू. श्रीनिवास आले, आणि शंकर महादेवन. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींचं रेकॉर्डही निघालं. श्रीनिवास २०१४ मध्ये गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर आम्ही आशा सोडली होती. त्यात मॅक्लॉफ्लिनच्या हाताला संधिवात झाल्याच्या बातम्या आल्या. २०१७ मध्ये त्यानं अमेरिकेचा निरोपाचा दौराही केला. भावाच्या ग्रुपवर त्या दिवशी सुतकी शांतता. आण्णा म्हणाले, ‘‘खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी गेला होता, म्हणून तर ही गायकी झाली. हात गेला म्हणजे काय सगळं गेलं?’’ अति गाण्यानं बसलेला आवाज पूर्वीसारखा झाला नाही म्हणून अल्लादिया खाँसाहेबांनी पेचदार तानांची वाट काढली, ही गोष्ट आमच्याकडं घरोघर सांगतात. आण्णा ती कुठल्याही आजाराला लावतात, अगदी आईच्या गुडघ्यालासुद्धा.

आणि मग जानेवारी २०२३ मध्ये ‘शक्ती’ पन्नाशीच्या दौऱ्यावर भारतात आली. मॅक्लॉफ्लिन नुकताच एक्क्याऐंशीचा झालेला.

कोल्हापूरहून मुंबईला गाण्यासाठी जाणं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी कुणा नातेवाइकाकडं आंघोळ आणि परतीच्या गाडीत पाठीचा भुगा. ग्रुपमध्ये एक जण आता टाइल्सचं दुकान चालवणारा ड्रमर, एक शिक्षक झालेला बेस गिटारवाला, भाऊ आणि त्यांच्यात मी एकटी बाई. रात्रभर गाडीत गाणी ऐकायची नाहीत असं ठरलं होतं, कान ताजे राहायला हवेत म्हणून. प्रत्यक्षात कराड यायच्या आत ड्रमरनं मोबाइल काढला.

मैफलीतलं सगळं सांगत बसत नाही. काय वाजवलं यापेक्षा ते कुणी कसं ऐकलं हे मला जास्त लख्ख आठवतं. तिथं एका छताखाली तीन वेगवेगळ्या गावची माणसं बसली होती म्हणा ना. एक, रॉक ऐकून आलेली, काळ्या टी-शर्टातली, बरीचशी पन्नाशीची पोरं. दुसरे आमच्यासारखे हिंदुस्थानीवाले, मान आणि ‘आहाहा’ तयार ठेवून आलेले. आणि तिसरे कर्नाटक संगीतातले रसिक. माझ्या शेजारीच तसे एक वयस्कर गृहस्थ होते, कपाळाला विभूती, मांडीवर घडी केलेलं उपरणं. बसल्या बसल्या त्यांनी उजव्या तळव्यानं मांडीवर टाळी मारली, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, परत टाळी, हात पालथा, टाळी, पालथा. आदितालाच्या आठ मात्रा. मैफलभर तो हात थांबला नाही. गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन चालू असताना त्यांचे डोळे मिटलेले, पण हात चालूच.

मी माझ्या बोटांच्या पेरांवर मोजत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं एकमेकांचे हात बघतोय.

स्टेजवर पांढऱ्या केसांचा तो माणूस वाजवत नसे तेव्हा मला जास्त बघावासा वाटे. बाकीच्यांचं इतकं मन लावून ऐकणारा कलाकार मी क्वचित पाहिलाय. शंकर महादेवन यांची सरगम चालू असताना हा श्रोता, झाकीरभाईंनी काही खट्याळपणा केला की हसणारा पहिला हाच. बोटं साहजिकच १९८० ची राहिली नव्हती. सूर कमी, पण प्रत्येक सूर ठरवून ठेवलेला. ड्रमर मला कानात म्हणाला, ‘‘ताई, स्लो झालाय ओ.’’ मी त्याला गप्प बसवलं.

शेवटाकडं सवाल-जवाब सुरू झाला. तबला एक आवर्तन, कंजिरा एक आवर्तन. मग अर्धं-अर्धं, मग पाव, मग नुसते दोन-दोन बोल, चेंडू झेलल्यासारखे. कंजिरा म्हणजे छोटीशी, परंपरेनं घोरपडीच्या कातड्याची डफली, आतून पाण्याचा हात फिरवला की आवाज खाली उतरतो; तिच्यातून सेल्वगणेश मृदंगाचा घुमारा काढत होते. आणि मग सगळ्यांनी मिळून एक लांबलचक कोरवै, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायची हिशोबी आकृती, धरली. गिटार, व्हायोलिन, गळा, दोन्ही चामडी, एकच आकृती, तीनदा. पहिल्या वेळी मला तिचा आकार कळला. दुसऱ्या वेळी ती कुठं जाऊन पडणार ते कळलं. शेजारचा हात आता जरा जोरात पडायला लागला होता. तिसरी आकृती अर्ध्यावर आली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, सम यायच्या आधीच. लहानपणी खासबागेत निघायचा तसलाच, अजिबात शोभणारा नाही. शेजारच्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि त्याच क्षणी त्यांचा तळवा मांडीवर पडला. समेवर.

टाळी तीन हप्त्यांत आली. आधी मोजणाऱ्यांच्या हातांचा एक फट्‌ आवाज, मग ‘आहा’, आणि मग अर्ध्या-पाऊण मात्रेनं उशिरा काळ्या टी-शर्टांची शिट्टी आणि आरोळी, सगळ्यात मोठी. गंमत म्हणजे स्टेजवरून हसून बघितलं गेलं ते त्या शिट्टीकडं. भाऊ उभा राहून ओरडत होता, ‘‘नाद खुळा! नाद खुळाऽऽ!’’ आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून विचारलं, हे कुठल्या भाषेत?

परतीच्या वाटेवर सगळे बोलत होते, एकमेकांचं न ऐकता. ड्रमर आता वेगाबद्दल बोलत नव्हता. तो मला कोरवैचा हिशोब मागत होता आणि मी तिकिटाच्या मागं आकडे मांडत होते; साताऱ्याच्या आसपास कुठंतरी तो म्हणाला, ‘‘म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं कुठं पडणार. आणि तुम्हालाबी. मग आम्हीच येडे काय?’’ येडे कशाला? अनपेक्षित धक्का खाल्ल्यानं त्याची शिट्टी मोठी झाली. माझा आवाज आधी निघाला, कारण मी त्या वाटेनं त्यांच्याबरोबर चालत होते, आणि तेवढी पाच-सात आवर्तनं ती मैफल थोडी माझीही होती. कलाकाराचं कौतुक म्हणतात ते मला त्याच जागी कळतं. तो किती थोर आहे, याला मी टाळी देत नाही. त्यानं मला हिशोबात घेतलं, याला देते. हे घेणं रेकॉर्डवर होत नाही. रेकॉर्डवर सम कुठं आहे ते आधीच ठरलेलं असतं. समोर बसल्यावर ती चुकूही शकते, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी, दुखऱ्या हातांनी, तर सहजच.

फ्यूजनच्या नावाखाली चाललेलं बाकीचं पुष्कळसं मला सहन होत नाही, हेही सांगून टाकते. रागाचे चार सूर, मागं ड्रमचा ठोका आणि श्रोत्यांना पहिल्या मिनिटापासून टाळ्यांचा ठेका धरायला लावायचं. ठेका श्रोत्यांनीच धरला तर कलाकारानं दूर जाऊन परत कशावर यायचं? ‘शक्ती’च्या मैफलीत लोकांनी असा ठेका धरायला सुरुवात केली की मी मनातल्या मनात चरफडते.

त्याच वर्षी त्यांचा नवा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. ऑगस्टमध्ये आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. आणि १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले. शिवाजी पेठेतला एक हलगीवाला, ज्यानं कधी तबल्याला हात लावला नसेल, मला म्हणाला, ‘‘आमचा मानूस गेला.’’

आता भाचा गिटार शिकतोय, भावाचा मुलगा. यूट्यूबवर बघून त्यानं महाविष्णू ऑर्केस्ट्राचा एक तुकडा बसवलाय, मी ज्याला गोंगाट म्हणते त्यातलाच, अठरा मात्रांचा. परवा संध्याकाळी गच्चीत बसून तो वाजवत होता. आण्णा आरामखुर्चीत, डोळे मिटून, मांडीवर बोटं.

‘‘नऊचा हाय का रे ह्यो?’’

‘‘नाही आजोबा, अठरा. पाच, पाच, पाच, तीन.’’

आण्णांनी परत मोजलं. ‘‘मग लक्ष्मीताल की! पखवाजावर असतोय अठराचा.’’

भाऊ खालून चहा घेऊन येत होता, तो म्हणाला, ‘‘आण्णा, त्याचा नि लक्ष्मीतालाचा काय संबंध? त्यो तिकडं न्यूयॉर्कात बसून केलाय त्यानं.’’

‘‘असू दे. अंबाबाईचा ताल म्हणू आपण.’’

‘‘पण आजोबा, ह्यात सम कुठाय?’’ भाच्यानं विचारलं. ‘‘मला ऐकताना सापडतच नाही.’’

‘‘तू वाजवत ऱ्हा,’’ आण्णा खुर्चीत सरळ होत म्हणाले, ‘‘मी सांगतो.’’